नकाराचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शब्दाच्या बाबतीत तसा निर्बंध कोणी घातलेला नाही, म्हणून हा उद्योग करण्याचे धाडस केले. निमित्त मात्र व्याकरणाचे नव्हते, नाटकाचे होते.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही एकदा इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'चा शेवटचा प्रवेश बसवायला घेतला होता. भाषांतर माझेच, आणि तेही मूळ नॉर्वेजियनवरून नव्हे, इंग्रजीवरून केलेले. घर सोडून निघालेल्या नोराला नवरा विचारतो की, मी तुला पत्र लिहू का? नोरा नकार देते. तालमीत ही भूमिका करणारी नववीतली मुलगी त्या जागी थबकली आणि म्हणाली, "सर, इथे 'नाही' म्हणायचं की 'नको'?" इंग्रजीत 'नो' होते, मी 'नाही' लिहून मोकळा झालो होतो. तिच्या प्रश्नाने माझ्या लक्षात आले की, मी शब्दाचे भाषांतर केले होते, नकाराचे केलेच नव्हते. त्या दिवशी तिला काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरे उत्तर सापडायला पुढे बरीच वर्षे लागली, आणि ते शोधताना युरोपातल्या बहुतेक भाषांच्या दारांत डोकावून यावे लागले.

या शब्दाइतका लहान आणि इतका दूरवर पसरलेला शब्द क्वचितच असेल. इंग्रजीत 'नो', जर्मनमध्ये 'नाइन', फ्रेंचमध्ये 'नों', स्पॅनिश व इटालियनमध्ये 'नो', रशियनमध्ये 'न्येत', डॅनिशमध्ये 'नाय', आणि आपल्या संस्कृतात नुसता 'न'. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या असल्याचे मत मांडले, तेव्हापासून अशा साम्यांचा हिशेब विद्वान ठेवत आले आहेत. त्या हिशेबात हा 'न' अगदी जुन्या खात्यातला. शब्दाच्या आधी चिकटताना तो आणखी लहान होतो. संस्कृतात तो 'अ' किंवा 'अन्' होतो, ग्रीकमध्येही 'अ' किंवा 'अन्', लॅटिनमध्ये 'इन्', इंग्रजी-जर्मनमध्ये 'अन्' किंवा 'उन्'. आपला 'अज्ञात', ग्रीकांचा 'अग्नोतोस', रोमनांचा 'इग्नोतुस' आणि इंग्रजांचा 'अननोन' ही चार घरी दत्तक गेलेली भावंडे नव्हेत. एकाच घरात जन्मलेली आहेत. 'अमृत' आणि ग्रीक देवांचे अन्न 'अँब्रोसिया' यांचेही नाते असेच आहे.

येथवर सारे सरळ आहे. गंमत पुढे आहे. वर सांगितलेल्या भाषांतले 'नो', 'नाइन' आणि 'नों' हे मूळचे एकट्या 'न'चे रूप नाहीत. त्या प्रत्येकाच्या पोटात आणखी एक शब्द दडलेला आहे.

जर्मन 'नाइन' म्हणजे 'न' आणि 'आइन', म्हणजे 'एक'. लॅटिन 'नोन', ज्यातून फ्रेंच 'नों' व स्पॅनिश 'नो' आले, तोही तसाच: 'ने' आणि 'ओइनोम', म्हणजे पुन्हा 'एक'. दोन्ही ठिकाणी मूळ अर्थ 'एकही नाही'. आपल्याकडेही 'न' आणि 'एक' यांची सांगड घातली गेली, पण तिचा अर्थ बरोबर उलटा झाला. संस्कृतात 'नैक' म्हणजे 'पुष्कळ', आणि विष्णूच्या सहस्रनामांत ते एक नाव आहे. रोमन माणसाने एकाला नकार दिला तेव्हा त्याच्या हाती शून्य उरले. आपल्या पूर्वजांनी दिला तेव्हा त्यांच्या हाती अनेक आले. यावरून कोणी दोन संस्कृतींचे तत्त्वज्ञान काढू पाहील, तर त्याने जरा दमाने घ्यावे. पण सामग्री तीच असताना घडण किती निराळी होऊ शकते, एवढे यातून दिसते खरे.

इंग्रजी 'नो'ची कथा याहून सरस आहे. जुन्या इंग्रजीत तो 'ना' असा होता, म्हणजे 'ने' आणि 'आ'. हा 'आ' म्हणजे 'कधीही, सदासर्वदा'. त्याचे नाते गॉथिक 'ऐव्स' म्हणजे 'युग', लॅटिन 'ऐवुम' म्हणजे 'आयुष्य, काळ', आणि आपला 'आयुस्' यांच्याशी आहे. तेव्हा इंग्रज माणूस 'नो' म्हणतो, त्याचे मूळ मराठीत शब्दशः सांगायचे तर 'आयुष्यात नाही', किंवा आपल्या बोलण्यात आहे तसे, 'जन्मात नाही!' डॅनिश-नॉर्वेजियन 'नाय' हाही 'न' आणि 'कधीही' मिळूनच झालेला. आणि ग्रीक? तिथे नकाराला 'ऊ' म्हणतात, त्यात 'न'चा मागमूसही नाही. वॉरन कॉवगिल या अमेरिकन विद्वानाने १९६० साली असे मांडले की, हा 'ऊ' आणि आपला 'आयुस्' एकाच मुळाचे. आधी 'न' आणि 'आयु' ही जोडी होती. पुढे जोडीतला 'न' गळाला, आणि नकाराचे सारे ओझे एकट्या 'आयु'वर पडले. ज्या शब्दात नकाराचा लवलेश नव्हता, तोच नकार होऊन बसला.

हे वाचताना प्रथम खोटे वाटते. पण अगदी असाच प्रकार फ्रेंच भाषेत आज आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या आधी 'न' आणि नंतर 'पा' असा दुहेरी नकार असतो. हा 'पा' म्हणजे मूळचा 'पाऊल'. 'मी जात नाही' एवढ्याने भागेना, म्हणून 'मी पाऊलभर जात नाही' असे म्हणू लागले. तसेच 'थेंबभर पीत नाही', 'कणभर खात नाही', 'ठिपकाभर दिसत नाही'. या सगळ्यांत 'पाऊल' पुढे गेले आणि न चालण्याच्या क्रियांनाही लागू लागले. आता बोलण्यात लोक 'न' सरळ गाळतात. उरले 'पा', आणि त्या पावलाचा अर्थच 'नाही' झाला. इंग्रजी 'नॉट' आणि जर्मन 'निश्त' यांचीही हीच तऱ्हा. त्यांच्यात 'न', 'कधी' आणि 'वस्तू' असे तीन तुकडे झिजून एक झाले आहेत. ग्रीकांनी तर हा खेळ दोनदा केला. त्यांच्या आजच्या भाषेत क्रियापदाचा नकार 'देन' आहे. तो 'ऊदेन', म्हणजे 'एकही नाही', यातला 'ऊ' गळून उरलेला अर्धा भाग!

ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने १९१७ साली नकारावर एक स्वतंत्र पुस्तक लिहून ही चाल स्पष्ट केली, आणि आता ती 'येस्पर्सनचे चक्र' म्हणूनच ओळखली जाते. नकाराचा शब्द वापरून वापरून क्षीण होतो, मग त्याला टेकू लागतो, मग टेकूच खांब होतो, आणि जुना खांब पडतो. येस्पर्सनचे हे म्हणणे मला सोळा आणे पटते. पण त्याच पुस्तकात त्याने आणखी एक तर्क केला आहे, तो मात्र पटत नाही. त्याचे म्हणणे असे की, 'न' हा उच्चार मुळात नाक मुरडण्याच्या, किळसेच्या हावभावातून आला असावा. तसे असते तर जगभर नाकच मुरडले गेले असते. परंतु ग्रीसमध्ये 'ने' म्हणजे 'होय'! शेजारच्या बल्गेरियात तर मान खाली-वर हलवली की ते 'नाही' समजावे लागते. हंगेरियन 'नेम' हा ऐकायला आपल्या कुळातला वाटतो, पण ती भाषा निराळ्या कुळाची आहे. आवाजाच्या साम्यावरून सोयरीक जुळवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तेव्हा नकाराचे खरे मूळ नाकात नाही. 'एवढेसुद्धा नाही' असे बजावून सांगण्याच्या माणसाच्या गरजेत आहे.

ती गरज आपल्यालाही आहेच. आपण काय म्हणतो? तिळमात्र नाही, काडीचा उपयोग नाही, कवडीची किंमत नाही, अवाक्षर काढले नाही, तसूभर हलला नाही. फ्रेंच माणसाचे पाऊल, थेंब आणि कण. आमचे तीळ, काडी आणि कवडी. नकार ही निराकार वस्तू आहे. ती ऐकणाऱ्याच्या मनात ठसवायची तर हाताशी असलेली सर्वांत क्षुद्र वस्तू तिच्या तळहातावर ठेवावी लागते. लॅटिन 'निहिल' म्हणजे 'काही नाही'. त्यातला 'हिलुम' म्हणजे घेवड्याच्या दाण्याला चिकटलेला कण, असे रोमन कोशकार सांगत. तुर्गेनेव्हने १८६२ साली 'फादर्स अँड सन्स' या कादंबरीतल्या बझारोव्हला 'निहिलिस्ट' म्हटले आणि तो शब्द युरोपभर झाला. त्या भारदस्त शब्दाच्या तळाशी घेवड्याचा दाणा आहे! आपला 'नास्तिक' वरवर पाहता त्याचा भाऊ वाटतो, पण आहे निराळा. तो 'न अस्ति' म्हणणारा. 'अमुक आहे' या विधानाला विरोध करणारा. बझारोव्ह सारे मोडायला निघतो, नास्तिक वादाला बसतो. रशियन 'न्येत'ची घडण मात्र आपल्यासारखी आहे, कारण त्यातही 'न', 'आहे' आणि 'इथे' असे तुकडे आहेत.

नुसत्या शब्दांच्या वंशावळी जुळवून वाङ्मयाचे काही समजत नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. 'नो' म्हणणाऱ्या इंग्रजाच्या मनात आयुष्याचा विचार नसतो. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. पण थोर लेखक जेव्हा नकाराला हात घालतात, तेव्हा शब्दाच्या पोटातल्या या गोष्टी जणू जाग्या होतात. होमरच्या 'ओडिसी'च्या नवव्या सर्गात ओडिसियस एका डोळ्याच्या राक्षसाला आपले नाव 'ऊतिस', म्हणजे 'कोणी नाही', असे सांगतो. डोळा फुटल्यावर राक्षस टाहो फोडतो की 'कोणी नाही' मला मारतो आहे, आणि त्याचे सोबती निघून जातात. ग्रीकमध्ये नकाराचा दुसराही शब्द आहे, 'मे'. त्याने तेच नाव 'मे तिस' असे होते, आणि ते 'मेतिस' म्हणजे 'चातुर्य' या शब्दासारखे ऐकू येते. नकाराच्या आड नायकाची बुद्धी लपलेली आहे, हे होमर व्याकरणातूनच सांगतो.

याच 'कोणी नाही'चे लॅटिन रूप 'नेमो', म्हणजे 'न' आणि 'माणूस'. ज्यूल व्हर्नने आपल्या पाणबुडीच्या कप्तानाला हे नाव दिले. पुढे 'मिस्टीरियस आयलंड' या १८७४-७५ मधल्या कादंबरीत त्याने उघड केले की, हा नेमो म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. घरदार, राज्य, देश सारे गेल्यावर साम्राज्याला नकार देणारा हा माणूस नावही नकाराचेच घेतो. लहानपणी ही गोष्ट वाचताना मला पाणबुडीचे कौतुक वाटले होते. आता त्या नावाचे वाटते.

इतिहासानेही या शब्दाला नायक केले आहे. २८ ऑक्टोबर १९४० च्या पहाटे मुसोलिनीच्या वकिलाने ग्रीसच्या पंतप्रधानांपुढे, मेटाक्सास यांच्यापुढे, निर्वाणीचा खलिता ठेवला. सैन्याला वाट द्या, नाहीतर युद्ध. मेटाक्सास यांनी तो नाकारला. संभाषण फ्रेंचमध्ये झाले होते, पण लोकांनी त्याचे सार एका ग्रीक शब्दात केले: 'ओखी', नाही. आजही ग्रीसमध्ये तो दिवस 'ओखी'चा दिवस म्हणून पाळतात. देशात १९३६ पासून स्वतःची हुकूमशाही चालवणाऱ्या माणसाच्या तोंडी लोकांनी स्वातंत्र्याचा शब्द घातला, यातला उपरोध विसरू नये. पुढे ५ जुलै २०१५ रोजी त्याच देशात धनकोंच्या अटींवर सार्वमत झाले. ६१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी 'ओखी' म्हटले, आणि त्याच महिन्यात सरकारने नव्या अटी मान्य केल्या. नकार उच्चारणे निराळे आणि तो निभावणे निराळे.

आता आपल्या घरी येऊ. युरोपातल्या या भाषांचा नकार खोल आहे, पण बहुधा एकमार्गी आहे. वस्तुस्थिती नाकारा, इच्छा नाकारा, ओळख नाकारा; इंग्रज सर्वांना 'नो' म्हणून उत्तर देतो. मराठीने याची वाटणी केली आहे. जे नसते किंवा घडत नाही त्याला 'नाही'. जे ते नसते त्याला 'नव्हे'. जे हवेसे नसते त्याला 'नको'. जे उचित नसते त्याला 'नये'. शिवाय आपला 'नाही' क्रियापदासारखा चालतो: मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. युरोपात असा प्रकार पाहायचा तर परक्या कुळातल्या फिनिश भाषेकडे जावे लागते. तिथे नकारच पुरुष-वचनांप्रमाणे रूप पालटतो. गोव्यात १५१० नंतर साडेचार शतके पोर्तुगीज 'नांव' आणि कोकणी 'ना' शेजारी शेजारी नांदले. दोघांचे मूळ एक. पण साहेबाच्या एका शब्दाला कोकणी माणसाजवळ 'ना', 'नाका' आणि 'न्हय' असे तीन जबाब होते.

ही वाटणी केवळ व्याकरणाची चैन नाही. आचार्य अत्रे यांच्या १९६२ सालच्या नाटकाचे नाव 'तो मी नव्हेच' असे आहे. त्या जागी 'तो मी नाहीच' घालून पाहा. नाटकातला सारा कज्जा 'नव्हे'वर उभा आहे, कारण प्रश्न आरोपी आहे की नाही हा नाही, तो तोच आहे की काय, हा आहे. आज मात्र ही वाटणी पुसट होत चालली आहे. हिंदीच्या संगतीने 'नको' जाऊन 'मला नाही पाहिजे' आले. 'असे करू नये' जाऊन 'असे नाही करायचे' आले. कथा-कादंबऱ्यांतली पात्रे तर सर्रास 'नो, नो' म्हणतात. भाषा बदलते याचे दुःख करू नये, हे मलाही कळते. पण चार दारांच्या घरात राहून तीन दारे आपणच लिंपून टाकावीत, हे शहाणपणाचे नव्हे.

आणि तरीही त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सोपे नव्हते. पहिल्या अंकात नवरा नोराला लाडाने दटावून विचारतो की, मिठाई खाल्लीस का? ती खोटेच नाकारते. शेवटच्या अंकात ती पत्र, मदत, सारे नाकारते. मूळ भाषेत नकाराचा शब्द एकच आहे, आणि नाटकाचा सगळा प्रवास त्या एका शब्दाच्या दोन टोकांमधला आहे. पहिला नकार भीतीचा, दुसरा मुक्ततेचा. मराठीत पहिल्या ठिकाणी 'नाही' आणि दुसऱ्या ठिकाणी 'नको' येणार. म्हणजे आपल्या भाषेची श्रीमंतीच इथे आड येते. एका शब्दाचे वर्तुळ पूर्ण होत नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. आपल्या पंक्तीत 'नको' म्हणणाऱ्याच्या पानावर आणखी एक पोळी पडतेच. बाईमाणसाचा 'नको' तर आग्रहाला आमंत्रणच समजला जातो. त्या मुलीला हे ठाऊक होते. नोराने 'नको' म्हटले असते तर प्रेक्षकांतली निम्मी मंडळी मनात म्हणाली असती, 'लिहील बापडा, वाचील बापडी.' आणि 'नाही' म्हटले असते तर ते उत्तर प्रश्नालाच लागू झाले नसते.

मेलव्हिलच्या १८५३ सालच्या कथेतला बार्टलबी हा कारकून असाच भाषांतरकाराला अडवतो. तो 'नाही' म्हणत नाही, 'नको'ही म्हणत नाही. न करण्याकडे आपला कल आहे एवढेच सभ्यपणे सुचवतो, आणि वकिलाची कचेरी हतबल होते. आमच्या चारही दारांतून त्याला बाहेर काढता येत नाही. अशा वेळी कळते की, शब्दांची संपत्ती निराळी आणि नकाराचे बळ निराळे.

आज मी नोराच्या तोंडी घालीन ते असे: "लिहायचं नाही." यात 'नाही' आहे, म्हणून पहिल्या अंकाशी धागा जुळतो. यात 'नको'ची विनवणी नाही. आणि हे वाक्य आपल्या घरांत आजवर वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना, नवऱ्याने बायकोला म्हटलेले आहे. ते वाक्य पहिल्यांदा बायको नवऱ्याला म्हणते, एवढ्याने जे घडायचे ते घडते. मूळच्या 'नाय'च्या पोटात 'कधीही' हा अर्थ हजारो वर्षे निजला होता. तो या चार अक्षरांच्या 'लिहायचं'मुळे मराठीत जागा होतो, असे मला वाटते. ती मुलगी आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. असती तर तिला सांगितले असते की, तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझी दोन्ही उत्तरे चूक होती.

शेवटी एक लहानशी गोष्ट. या 'न'ने जगभर मोडले तसे जोडलेही आहे. फ्रेंच, जर्मन, इंग्रज, पोर्तुगीज, सारेच वाक्याच्या शेवटी नकाराचा शब्द ठेवून समोरच्याची संमती मागतात. मराठीने तर त्याहून पुढे मजल मारली. आपण म्हणतो, 'ये ना', 'बस ना', 'सांग ना'. तिथे तोच प्राचीन 'न' उभा आहे, पण नाकारायला नव्हे, आर्जव करायला. समोरच्याला 'नाही' म्हणता येते हे मान्य केल्याखेरीज आर्जवाला अर्थ नसतो. ज्या घरात 'नाही' म्हणण्याची मुभा आहे, त्याच घरात 'ये ना' हे खरे आमंत्रण असते. नोराच्या घरात ती मुभा नव्हती, म्हणून तिला दार ओढून घ्यावे लागले.